महाकवी गटे : कोरडी दहा वर्षे आणि एक प्रवास

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी आलेला आमचा एक जुना विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी कार्यक्रम संपल्यावरही बराच वेळ आमच्याजवळ बसून राहिला. वसतिगृहात असताना चौदा एप्रिलला त्याची नवी कविता ठरलेली असे आणि भित्तिपत्रकाचा अर्धा भाग त्याच्याच अक्षराने भरलेला असे. पुढे स्पर्धा परीक्षा देऊन तो शासकीय सेवेत अधिकारी झाला, आईवडिलांना घर बांधून दिले, धाकट्या भावंडांची शिक्षणे केली. या सगळ्याचा आम्हांला अभिमान आहे. त्या संध्याकाळी मात्र त्याने खाली मान घालून सांगितले की, गेली नऊ वर्षे त्याच्या हातून एक ओळही उतरलेली नाही. रात्री वही उघडतो आणि तशीच मिटून ठेवतो. त्याला धीर देण्यापलीकडे आम्हांला त्या वेळी काही सुचले नाही. इतिहासाच्या शिक्षकाला उत्तर उशिरा सुचते, आणि तेही बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यात सापडते. येथे ते आम्हांला जर्मन महाकवी गटे याच्या आयुष्यात सापडले. तोही अधिकारी होता आणि त्याचीही लेखणी दहा वर्षे अडली होती.

योहान वोल्फगांग फॉन गटे याचा जन्म 28 ऑगस्ट 1749 रोजी फ्रँकफुर्ट येथे झाला. घर सुखवस्तू होते. वडील कायद्याचे पदवीधर, शिस्तीचे आणि संग्रहाची हौस असलेले. तरुणपणी त्यांनी इटलीचा प्रवास केला होता आणि रोम शहराची चित्रे घराच्या दालनात टांगून ठेवली होती. लहानग्या गटेने ती चित्रे रोज पाहिली. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण त्या भिंतीवरच्या रोमने पुढे सदतिसाव्या वर्षी त्याला अंथरुणातून उठवून रस्त्याला लावले.

वडिलांच्या इच्छेप्रमाणे तो लाइपझिग आणि श्ट्रासबुर्ग येथे कायदा शिकला. मन मात्र कवितेत होते. 1774 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने ‘तरुण वेर्थरची दुःखे’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध केली. ती त्याने सुमारे चार आठवड्यांत लिहून काढली होती. युरोपभर ती वाचली गेली. तरुण मुले तिच्या नायकासारखा निळा कोट आणि पिवळे जाकीट घालून हिंडू लागली. लाइपझिगमध्ये तिच्यावर बंदी आली. इतक्या कमी वयात, इतक्या कमी दिवसांच्या कामातून इतकी कीर्ती मिळाली की तीही एक अडचण होऊन बसते. पुढची वीस वर्षे भेटणारा प्रत्येक अनोळखी माणूस त्याला वेर्थरविषयीच विचारणार होता.

नोव्हेंबर 1775 मध्ये वायमारच्या अठरा वर्षांच्या राजाने, ड्यूक कार्ल आउगुस्टने, त्याला आपल्याकडे बोलावून घेतले. वायमार म्हणजे सुमारे सहा हजार वस्तीचे गाव आणि त्याभोवतीचे लाखभर लोकसंख्येचे संस्थान. पाहुणा म्हणून आलेला कवी पुढच्याच वर्षी राजाच्या गुप्त मंडळाचा सभासद झाला. मग कामे येत गेली. इल्मेनाउ येथील तांब्याच्या आणि चांदीच्या बंद पडलेल्या खाणी पुन्हा सुरू करण्याचे काम, रस्ते, सैन्यभरती, आणि 1782 पासून संस्थानचा खजिना. त्याच वर्षी त्याला सरदारकीही मिळाली आणि नावात ‘फॉन’ आले. त्याने ही कामे वरवर केली असे कोणी समजू नये. खजिन्याची तूट भरून काढण्यासाठी त्याने सैन्य कमी करायला लावले, खाणीत उतरून दगड पाहिले, रस्त्यांची पाहणी करीत तो घोड्यावरून संस्थानभर फिरला. फाइल समोर आली की ती समजून घेतल्याशिवाय सही करायची नाही, अशा जातीचा तो अधिकारी होता. आमच्या त्या विद्यार्थ्याची मूर्ती येथे डोळ्यांपुढे येते.

या दहा वर्षांत त्याने काहीच लिहिले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. काही उत्कृष्ट भावकविता याच काळातल्या आहेत. दरबारातील सणासमारंभांसाठी छोटी नाटकेही तो लिहून देत असे. पण मोठे काम पुढे सरकत नव्हते. फ्रँकफुर्टहून येताना आणलेले ‘फाउस्ट’चे कागद तसेच पडून होते. ‘एगमोंट’ अर्धे होते. ‘टासो’चे दोन अंक झाले आणि थांबले. कादंबरी अधूनमधून रेंगाळत होती.

हे असे का झाले? चरित्रकार साधारणपणे वेळेच्या अभावाकडे बोट दाखवतात. आम्हांला ते उत्तर अपुरे वाटते आणि त्याला कारण 1779 च्या मार्च महिन्यातील एक प्रसंग आहे. सैन्यभरतीसाठी गटे गावोगाव फिरत होता. सोबत ‘इफिगेनी’ या नव्या नाटकाचे हस्तलिखित होते. दिवसा तरुणांच्या उंच्या मोजायच्या आणि रात्री ग्रीक राजकन्येचे संवाद लिहायचे, असा क्रम होता. आपोल्डा या गावी तो मुक्कामाला आला. हे गाव पायमोजे विणणाऱ्यांचे. धंदा बसला होता आणि विणकरांची घरे उपाशी होती. तेथून त्याने आपली स्नेही शार्लोट फॉन श्टाइन हिला जे पत्र पाठवले त्यात त्याने कबूल केले की येथे नाटक पुढे सरकत नाही, कारण नाटकातल्या राजाला अशा थाटात बोलावे लागते की जणू आपोल्डात एकही विणकर उपाशी नाही.

आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. एका मंत्र्याने आपल्या लेखणीच्या अडण्याचे इतके प्रामाणिक निदान केल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही. परंतु निदान करून तो तेथेच थांबला. नाटक त्याने गद्यात कसेबसे पूर्ण केले, ते दरबारात झाले, त्यात ओरेस्टिसची भूमिका त्याने स्वतः केली, टाळ्या मिळाल्या. विणकर नाटकात आले नाहीत.

दुसरा प्रसंग अधिक कठोर आहे आणि गटेच्या स्तुतिपर चरित्रांत तो पुष्कळदा गाळला जातो. 1783 मध्ये योहाना ह्योन नावाच्या अविवाहित मोलकरणीने आपल्या नवजात बालकाला मारले. अशा गुन्ह्याला देहदंड असावा की नाही, याविषयी ड्यूकने मंडळातील सभासदांची लेखी मते मागवली. ड्यूकच्या मनात शिक्षा सौम्य करण्याचा विचार होता. गटेने थोडक्या शब्दांत सहकाऱ्यांना दुजोरा दिला आणि देहदंड ठेवावा असे मत नोंदवले. 28 नोव्हेंबर 1783 रोजी त्या मुलीचा शिरच्छेद झाला. वाचकांनी येथे थोडे थांबावे. कारण वायमारच्या पेटीत पडून असलेल्या त्या ‘फाउस्ट’च्या कागदांत ग्रेटखेन नावाची एक गरीब मुलगी होती. तिच्याही हातून स्वतःचे मूल मेले होते, ती तुरुंगात भ्रमिष्ट होऊन मृत्यूची वाट पाहत होती, आणि तिचे दुःख गटेने पंचविशीच्या आत जगातील कोणत्याही कवीला हेवा वाटावा अशा शब्दांत लिहून ठेवले होते. कवी एक गोष्ट जाणत होता आणि मंत्र्याने तिच्या उलट सही केली. त्यानंतर कित्येक वर्षे ‘फाउस्ट’ला हात लागला नाही. या दोन गोष्टींचा संबंध लावणे हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण ज्याने एका हाताने लिहावे आणि दुसऱ्या हाताने खोडावे, त्याच्या शाईला ओहोटी लागली तर नवल कसले?

1786 मध्ये लाइपझिगचा प्रकाशक ग्योशेन याने त्याचे समग्र लेखन आठ खंडांत छापायचे ठरवले. सूची करायला बसल्यावर गटेच्या लक्षात आले की अनेक खंडांत अपुरी कामे भरावी लागणार आहेत. हे आठ खंड म्हणजे जणू त्याच्या अपयशाची नोंदवही होती. त्या उन्हाळ्यात तो कार्ल्सबाडच्या औषधी झऱ्यांवर विश्रांतीसाठी गेला. 28 ऑगस्टला मित्रमंडळींनी त्याचा सदतिसावा वाढदिवस साजरा केला. 3 सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजता कोणाचाही निरोप न घेता तो टपालगाडीत बसून निघून गेला. ड्यूककडे त्याने बेमुदत रजा मागितली होती, पण कोठे जाणार हे सांगितले नव्हते. तो बेत त्याचा विश्वासू नोकर झायडेल एवढ्यालाच ठाऊक होता. सामान म्हणजे एक पेटी आणि एक पाठपिशवी. नावही बदललेले होते: योहान फिलिप म्योलर.

खोट्या नावाची ही गोष्ट आम्हांला या संपूर्ण प्रवासातील सर्वांत महत्त्वाची वाटते. मंत्री, सरदार आणि वेर्थरचा लेखक हे तिघेही कार्ल्सबाडला मागे राहिले. गाडीत बसलेल्या म्योलरकडून कोणालाच काही अपेक्षा नव्हती. तो चुकीचे इटालियन बोलू शकत होता, बाजारात फळे विकत घेऊन रस्त्यात खाऊ शकत होता आणि लोकांना बावळट प्रश्न विचारू शकत होता. गार्डा सरोवराकाठी माल्चेसिने गावात तो एका पडक्या किल्ल्याचे चित्र काढत बसला, तेव्हा गर्दी जमली, कोणी तरी कागद फाडला आणि गावच्या अधिकाऱ्याला तो ऑस्ट्रियाचा हेर वाटला. शेवटी फ्रँकफुर्टमध्ये नोकरी करून आलेला एक गावकरी पुढे आला. त्याने या परक्या माणसाला त्या शहरातील घरे आणि घराणी यांविषयी विचारले, उत्तरे बरोबर आली आणि सुटका झाली. त्याच सरोवराच्या काठी त्याने ‘इफिगेनी’चे जुने हस्तलिखित बाहेर काढले आणि गद्याचे पद्य करायला सुरुवात केली.

पादुआ येथील वनस्पती उद्यानात 1585 मध्ये लावलेले पंख्यासारख्या पानांचे एक ताडाचे झाड होते. गटे त्याच्यापुढे खिळून उभा राहिला. जमिनीलगतचे पान साधे, भाल्यासारखे. वर जावे तसतसे ते चिरत जाते आणि शेवटी पूर्ण पंखा होतो. त्याने माळ्याकडून या बदलाच्या प्रत्येक टप्प्याचे एकेक पान कापून घेतले आणि पुठ्ठ्यांत जपून सोबत नेले. महाकवीने कविता शोधायला निघावे आणि पाने गोळा करीत बसावे, हे विचित्र दिसते खरे. व्हेनिसला त्याने आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरचे खेकडे न्याहाळत तो तासन् तास रमला. फ्लॉरेन्ससारख्या नगराला तीन तास देऊन पुढे धावला. 29 ऑक्टोबर 1786 रोजी तो रोममध्ये पोहोचला आणि वडिलांच्या भिंतीवरचे शहर त्याला प्रत्यक्ष दिसले.

रोममध्ये तो तिशबाइन या चित्रकाराच्या बिऱ्हाडी राहिला. सोबतीला तरुण, बहुतेक कफल्लक असे जर्मन चित्रकार होते. त्यांच्यात बसून तो रेखाटन, यथार्थदर्शन आणि पुढे मानवी देहाची रचना शिकला. ज्याच्या हाताखाली संस्थानचा खजिना होता तो माणूस दगडी पुतळ्याचा पाय कागदावर नीट उतरत नाही म्हणून पुन्हा पुन्हा खोडत बसे. याच मंडळीत कार्ल फिलिप मोरित्स होता. तो अत्यंत गरिबीत वाढलेला, लहानपणी टोप्या बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केलेला लेखक. घोड्यावरून पडून त्याचा हात मोडला, तेव्हा गटेने मित्रांच्या पाळ्या लावून कित्येक आठवडे त्याची शुश्रूषा केली. मोरित्सने जर्मन छंदशास्त्रावर नुकतेच पुस्तक लिहिले होते. ‘इफिगेनी’चे पद्य जेथे जेथे अडत होते तेथे त्या टोपीवाल्याच्या उमेदवाराचे शास्त्र गटेच्या कामी आले. जानेवारी 1787 मध्ये नाटक पद्यात पूर्ण झाले. त्याने ते चित्रकार मित्रांना वाचून दाखवले; त्यांना पूर्वीच्या गटेचा जोश हवा होता, त्यामुळे ते काहीसे थंडच राहिले. गटेला त्याचे दुःख झाले नाही, कारण पूर्वीच्या गटेकडे परतण्याची त्याचीही इच्छा उरली नव्हती.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ड्यूकने या सर्व काळात त्याचा पगार चालू ठेवला होता. जवळजवळ दोन वर्षे भरपगारी रजेवर परदेशी राहण्याची सोय आपोल्डाच्या विणकरांना नव्हती आणि आपल्या वाचकांपैकीही कोणाला नाही. शिवाय तो पगार त्या विणकरांसारख्यांच्याच करातून येत होता. म्हणून या चरित्रातून इटलीचे तिकीट काढण्याचा सल्ला घेऊ पाहणाऱ्याची निराशाच होईल. आम्हांला प्रवासापेक्षा प्रवासातील शिकाऊपणा मोलाचा वाटतो. तो पुठ्ठ्यातल्या पानांत होता, न जमणाऱ्या पुतळ्याच्या पायात होता, आणि मोडक्या हाताच्या मित्राजवळ बसून छंद शिकण्यात होता. या गोष्टींना पगार लागत नाही. मोठेपणा बाजूला ठेवावा लागतो, आणि तो पुष्कळदा पैशापेक्षा महाग पडतो.

1787 च्या वसंतात तो नेपल्सला आणि तेथून सिसिलीला गेला. व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर तीनदा चढला. पालेर्मोच्या सार्वजनिक बागेत एका सकाळी तो होमरच्या कथेवरील नव्या नाटकाचा विचार करण्यासाठी म्हणून गेला, पण भोवतालची झाडे पाहून पादुआच्या ताडाची आठवण पुन्हा उसळली: सर्व वनस्पतींच्या मुळाशी एकच आदिवनस्पती असेल काय? नाटक विसरले गेले आणि ते कायमचे अपुरेच राहिले. हा विचार मात्र वाढत गेला आणि 1790 मध्ये त्यातून वनस्पतींच्या रूपांतरणावरील त्याचा ग्रंथ आला. फुलाचा प्रत्येक भाग हा मुळात पानाचेच बदललेले रूप आहे, ही त्याची मांडणी वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात आजही नोंदली जाते. रोमला परतल्यावर बारा वर्षे रखडलेले ‘एगमोंट’ त्याने सप्टेंबर 1787 मध्ये संपवले. चित्रे शेकडो काढली आणि 1788 च्या आरंभी शांतपणे मान्य केले की आपण चित्रकार नाही. तो मोठा नफा होता. आपण काय नाही हे कळायला त्याला चाळिशी गाठावी लागली.

18 जून 1788 रोजी तो वायमारला परत आला. बहुतेक प्रशासकीय जबाबदाऱ्यांतून त्याने सुटका मागून घेतली. जुने मित्र मात्र दुरावले होते. न सांगता गेल्याचा राग शार्लोट फॉन श्टाइनच्या मनातून गेला नाही. त्यानंतर महिन्याभरात, 12 जुलैला, नदीकाठच्या बागेत एक तेवीस वर्षांची मुलगी भावासाठी अर्ज घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. क्रिस्टियाने वुल्पियुस हे तिचे नाव. वडील कनिष्ठ कारकून, नोकरी गेलेली, दोन वर्षांपूर्वी वारलेले. ती कृत्रिम फुले बनवण्याच्या कारखान्यात काम करून घर चालवत होती. दोघे एकत्र राहू लागले. दरबारी वायमारला हे सहन झाले नाही. मंत्र्याने सरदार घराण्यातील विवाहितेशी दहा वर्षे जिव्हाळा ठेवला तेव्हा कुजबुज झाली असेल, पण कारखान्यातल्या मुलीला घरात घेताच गटेला शहरातील घर सोडून वेशीजवळ राहायला जावे लागले. त्यांच्या पाच मुलांपैकी एकच जगले. फुले बनवणाऱ्या या स्त्रीच्या सहवासात लिहिलेल्या ‘रोमन शोकगीतां’त इटलीतला प्रकाश आहे, ‘टासो’ही 1789 मध्ये पूर्ण झाले. लग्न करायला मात्र गटेने अठरा वर्षे लावली. ऑक्टोबर 1806 मध्ये येनाच्या लढाईनंतर फ्रेंच सैनिक घरात घुसले, क्रिस्टियानेने धिटाईने त्यांना तोंड दिले, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याने तिला पत्नीचे नाव दिले. तेव्हाही तिला प्रथम चहाला बोलावण्याचे धैर्य योहाना शोपेनहाउअर या एका नवागत बाईनेच दाखवले. हा उशीर गटेच्या खात्यावर लिहिला गेलाच पाहिजे.

कोरडेपणा एकदा संपला म्हणजे कायमचा संपला, असे झाले नाही. 1790 नंतर पुन्हा काही वर्षे तो एकटा, चिडचिडा आणि रिकामा झाला. 20 जुलै 1794 रोजी येना येथे निसर्गशास्त्राच्या एका सभेतून बाहेर पडताना शिलर या कवीची आणि त्याची गाठ पडली. शिलर दहा वर्षांनी लहान, सैन्यातील एका शस्त्रवैद्याचा मुलगा, कायमचा आजारी आणि कर्जात. दोघांनी तोवर एकमेकांना टाळले होते. त्या दिवशी गटेने उत्साहाने कागदावर आदिवनस्पती काढून दाखवली आणि शिलरने मान हलवून सांगितले की हा अनुभव नव्हे, ही कल्पना आहे. गटे दुखावला, पण बोलणे थांबले नाही. पुढील अकरा वर्षांत दोघांमध्ये सुमारे हजार पत्रे झाली. दडपलेली कादंबरी 1796 मध्ये संपली. शिलरच्या लकड्यामुळेच 1797 मध्ये ‘फाउस्ट’ची पुडकी पुन्हा सोडली गेली आणि ग्रेटखेनसह तिचा पहिला भाग 1808 मध्ये बाहेर आला. ते पाहायला शिलर नव्हता. मे 1805 मध्ये तो गेला होता.

तिसऱ्या वेळी आधार एका पुस्तकाने दिला. 1814 मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, त्याच्या हाती फारसी कवी हाफिजच्या काव्याचा हामरने केलेला जर्मन अनुवाद पडला. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या शिराझच्या त्या कवीशी त्याने संवाद सुरू केला. जुलैत ऱ्हाइनकडे जाताना गाडीतच कवितांमागून कविता झाल्या. हा म्हातारा विद्यार्थी अरबी अक्षरे गिरवू लागला. 1819 मध्ये ‘पश्चिम-पूर्व दिवाण’ प्रसिद्ध झाला. त्यातील काही सुंदर कविता मारियाने फॉन विलेमर हिच्या होत्या. गटेने त्या स्वतःच्या म्हणून छापल्या. मारियाने 1860 मध्ये वारली आणि हे सत्य जगाला 1869 मध्ये कळले. दुसऱ्याच्या झऱ्यावर ओंजळ भरावी, पण झऱ्याचे नाव पुसू नये, असे आम्हांला वाटते.

आणि आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हे सारे सांगायला घेतले. पियेर सोनरा या फ्रेंच प्रवाशाचे भारतवर्णन 1783 मध्ये जर्मन भाषेत आले होते. योहाना ह्योनचे डोके उडाले ते हेच वर्ष. त्या पुस्तकात दक्षिणेतील अस्पृश्यांची हकीकत होती आणि जमदग्नीची पत्नी, परशुरामाची आई हिची कथा होती. माहूरगडच्या रेणुकेची आणि सौंदत्तीच्या यल्लम्माची म्हणून ती आपल्याकडे घरोघर माहीत आहे. गटेने ती वाचली आणि लिहिली मात्र नाही. काही विषय आपण चाळीस चाळीस वर्षे मनात जिवंत आणि ताजे बाळगले, असे त्याने 1823 च्या एका लेखात नमूद केले, आणि त्यांत हा विषय नावानिशी आहे. त्या सुमारास त्याने तो पूर्ण केला आणि 1824 मध्ये ‘पारिया’ हे तीन भागांचे काव्य छापले. पहिल्या भागात एक अस्पृश्य ब्रह्मदेवाला विनवतो. मधल्या भागात ब्राह्मणाची पत्नी शुद्धतेच्या बळावर नदीचे पाणी घड्याशिवाय हाताने गोळा करून आणते. एक दिवस पाण्यातील प्रतिबिंबाने तिचे मन क्षणभर हलते आणि पाणी हातात ठरत नाही. पती तिला वधस्तंभाच्या जागी नेऊन मारतो. मुलगा तिला जिवंत करायला धावतो आणि घाईत आईचे शिर एका मृत्युदंड दिलेल्या अस्पृश्य स्त्रीच्या धडाला जोडतो. उठून उभी राहिलेली ती नवी देवता दोन्ही जगांचे दुःख जाणते आणि खालच्यांची तक्रार घेऊन वर जाते.

गटेला आपला समतावादी ठरवण्याची घाई आम्ही करणार नाही. त्याचा अस्पृश्य वर्णव्यवस्था घडवणाऱ्या देवाला मोडत नाही, त्याच्या दारात जागा मागतो. तरीही महात्मा फुले यांच्या जन्माच्या तीन वर्षे आधी, भारत कधीही न पाहिलेल्या पंचाहत्तरीच्या एका माणसाने हे लिहिले. वधाच्या जागी पडलेली दोन स्त्रियांची शरीरे आणि त्यांना जोडणारा घाईतला हात ही प्रतिमा ज्याने चाळीस वर्षे जपली, त्याने एकेकाळी एका मोलकरणीच्या वधाला संमती दिली होती, हे आम्ही विसरू शकत नाही. तोही विसरला नसावा.

‘फाउस्ट’चा दुसरा भाग त्याने जुलै 1831 मध्ये संपवला, हस्तलिखितावर मोहर लावून ठेवली आणि 22 मार्च 1832 रोजी वायमार येथे त्याचे निधन झाले.

या लेखाचा कच्चा खर्डा आम्ही त्या विद्यार्थ्याला पाठवला होता. महिन्याभराने त्याचे पत्र आले. स्वतःच्या कवितेविषयी त्यात एक शब्दही नव्हता. आपोल्डाच्या विणकरांविषयी आणखी वाचायला कोठे मिळेल, एवढेच त्याने विचारले होते.